पोचवायला आलेल्यांचं स्टेशन

लातूर जिल्ह्यात कोणी ‘निघतो’ म्हणालं, तर खुशाल चहाचं आधण ठेवावं. तो माणूस अजून चारदा निघणार असतो. एकदा बसल्या जागेवरून, एकदा उंबऱ्यातून, एकदा फाटकापाशी आणि शेवटी बसथांब्यावर, जिथे त्याला निघू न देण्यासाठी अर्धं घर आलेलं असतं. आमच्या कोथरूडला हाच विधी चपला पायात सरकवेपर्यंत उरकतो. पाहुणा जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर असताना आतून कडी लागल्याचा आवाज येतो, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. जगात निरोपाचे असे दोन पंथ आहेत, हे मला पाचव्या वर्षाला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. त्या अज्ञानापायी माझं आणि बालाजीचं वर्ष जायची वेळ आली होती.

आम्ही दोघं पुण्यात आर्किटेक्चर शिकत होतो. शेवटच्या वर्षाला जोडीजोडीने करायचा प्रकल्प असा होता की नांदेड ते लातूर हलकी रेल्वे धावते आहे असं समजायचं आणि तिचं एक स्टेशन आखायचं. हलकी रेल्वे म्हणजे मेट्रोची धाकटी बहीण. दोन-तीन डबे, रस्त्याच्या पातळीवरूनच धावणार, स्टेशनात जेमतेम टेकणार आणि सुटणार. बालाजी शिरूर अनंतपाळचा, म्हणून मार्गाला जरा वळसा देऊन आम्ही शिरूरचंच स्टेशन घेतलं. प्रत्यक्षात अशी कुठलीही गाडी नाही, त्यामुळे वळशाला कोणी हरकत घेतली नाही.

बालाजी चार वर्षांत माझ्यापेक्षा पक्का पुणेकर झाला होता. मी घरी ‘भात वाढ गं’ म्हणत असताना हा मेसमध्ये ‘मला किंचित भात वाढता का’ असं विचारायचा. स्टेशनातली दारं ही त्याचीच करामत. काच, पोलाद आणि तिकीट दाखवल्याशिवाय न उघडणारी दारं. बिनतिकीट माणूस आत पाऊल टाकू शकणार नाही. “फलाट हा प्रवाशांसाठी असतो,” तो म्हणायचा. “आपल्याकडे जत्रा भरते, ती बंद झाली पाहिजे.”

पहिल्या परीक्षणात आम्ही स्टेशनचं रंगीत चित्र भिंतीवर लावलं. त्यात माणसं हवीत म्हणून इंटरनेटवरून तयार माणसं उतरवून चिकटवली होती. प्रकल्प शिकवणाऱ्या मॅडम चष्मा सावरत चित्राजवळ गेल्या. मग त्यांनी विचारलं, “शिरूर अनंतपाळच्या फलाटावर हे ओव्हरकोट घातलेले गोरे गृहस्थ कॉफी पीत का उभे आहेत?”

मी म्हटलं, “गाडीची वाट बघताहेत.”

“आणि या बाईंच्या हातात फुगा आहे.”

मॅडमनी पेन बंद केलं. “तुमच्या स्टेशनात माणूस नाही. पुढच्या वेळी बाहेरचे परीक्षक येतील, त्यांच्यापुढे हेच लावलंत तर वर्ष गेलं समजा. तोवर जा आणि माणसं बघून या.”

बालाजीचा चेहरा उतरला. त्याच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, पोरगा यंदा आर्किटेक्ट होतोय असं गावभर आधीच सांगून ठेवलं होतं. गावात एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. आम्ही स्टेशनचं पांढऱ्या पुठ्ठ्याचं मॉडेल टीव्हीच्या खोक्यात घातलं, लोकांना दाखवून मतं घेऊ म्हणून, आणि नांदेडची गाडी पकडली.

नांदेड

नांदेडला बालाजीची मावशी असते. आम्ही हातपाय धुतो न धुतो तोच तिने सुशीला समोर ठेवला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना हिरवी मिरची, शेंगदाणे आणि डाळं घालून दिलेली फोडणी म्हणजे सुशीला. पोह्यांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला तो पहिल्या घासाला पोरकट वाटतो आणि तिसऱ्या ताटलीला पोहे पोरकट वाटू लागतात.

खाऊन आम्ही रेल्वे स्टेशनवर गेलो, माणसं बघायला. फलाट तुडुंब भरला होता. गाडी आली, थांबली, सुटली. फलाट तेवढाच तुडुंब. मी बुचकळ्यात पडलो.

“हे लोक चढले का नाहीत?” मी विचारलं.

बालाजी खालच्या आवाजात म्हणाला, “ते जाणारे नाहीत. पोचवायला आलेत.”

“सगळे?”

“म्हणून तर आपल्या स्टेशनला दारं आहेत,” तो म्हणाला आणि खोक्याला बांधायला दोरी आणू म्हणून मला तिथून ओढत बाहेर घेऊन गेला.

दुपारी आम्हाला लातूरची एसटी गाठायची होती. मी उठलो, “येतो मावशी” म्हटलं आणि चपला घातल्या. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवणाच्या मधेच हात धुतला.

“कामून घाई करायलास रे लेकरा? बस काय एकच हाय का?”

मी चपला काढल्या. चहा झाला. मग उंबऱ्यात उभं राहून बालाजीच्या आईची गुडघेदुखी झाली. फाटकापाशी शेजारच्या बाईंची ओळख झाली, त्यांनी मी कुणाचा कोण ते विचारून घेतलं आणि माझं लग्न ठरलंय का याचीही चौकशी केली. मावशीचं सासर धर्माबादचं. तिथल्या लाल मिरच्यांचा ताजा कुटलेला मसाला तिने पिशवीत भरून आणला आणि कुठे ठेवू म्हणून इकडेतिकडे बघून तो सरळ आमच्या स्टेशनात ठेवला. खोक्यात रिकामी जागा होती ती तेवढीच. बसथांब्यावर आम्ही सगळ्या लवाजम्यासह पोचलो तेव्हा बस गेली होती.

“बघ,” मावशी समाधानाने म्हणाली, “म्हनलं न्हवतं, दुसरी असती म्हून.”

बालाजी जमिनीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. बस चुकल्यामुळे नाही, माझ्यासमोर चुकली म्हणून.

लातूर

एसटीत खोकं माझ्या मांडीवर होतं. खड्ड्याखड्ड्याला मसाल्याची पिशवी स्टेशनात येरझारा घालत होती. अहमदपूर मागे पडल्यावर मला पहिली शिंक आली, मग कंडक्टरला, मग पुढच्या सीटवरच्या आजोबांना. लातूरला उतरून खोकं उघडलं तर पिशवीचा एक कोपरा फाटला होता आणि आमच्या शुभ्र फलाटावर तांबडी धूळ बसली होती. फुंकरलं तर ती डोळ्यांत गेली.

गंजगोलाईत एका टपरीवर आम्ही मॉडेल बाकावर ठेवून झटकत बसलो. गोल बाजारपेठ, तिला चहूबाजूंनी येऊन मिळणारे रस्ते, आणि मधे आम्ही दोघं डोळे चोळत. पाच माणसं जमायला वेळ लागला नाही. पांढऱ्या कपड्यांतल्या एका काकांनी मॉडेलला गोल चक्कर मारली.

“कार्यालय झकास हाय,” ते म्हणाले. “नवरदेवाची खोली कुठली?”

“काका, हे मंगल कार्यालय नाही, रेल्वे स्टेशन आहे,” मी म्हटलं.

“कुठलं?”

“शिरूर अनंतपाळचं. म्हणजे कल्पनेतलं. परीक्षेसाठी केलंय.”

“आसं व्हय.” कल्पनेतल्या स्टेशनाचं त्यांना काहीच नवल वाटलं नाही. मराठवाड्यात तशी बरीच आहेत, असा त्यांचा चेहरा होता. त्यांनी बोट आत घालून दारं चाचपली. “हे काय?”

बालाजी पुढे झाला. “तिकीट असेल तरच हे दार उघडतं.”

“आन पोचवायला आलेली मान्सं?”

“त्यांनी बाहेर थांबायचं.”

“बाहेर म्हंजी रस्त्यावर?”

“हो.”

काकांनी बाकीच्यांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, “माझ्या मेव्हनीला पोचवायचं म्हनलं तर आठजन तरी येतेत. रस्त्यावर उभं केलं तर पुन्हा तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?” दुसऱ्याने विचारलं की समजा खिडकीतून डबा द्यायचा राहिला, तर काचेतनं कसा द्यायचा. बालाजीने सांगितलं की डबा आधीच द्यावा. यावर सगळे मनापासून हसले. आधीच दिला तर तो राहिलेला डबा कसला, असं त्यांचं म्हणणं.

टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. उलट आम्ही निघालो तेव्हा काका रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत सोबत आले. आमची ओळख चहाच्या दोन घोटांएवढी, तरी ते आम्ही वळेपर्यंत तिथे उभे होते.

“तुझे कोणी लागतात का?” मी विचारलं.

“नाही,” बालाजी चिडून म्हणाला. “इथे हे असंच असतं.”

किल्लारी

शिरूरला जाण्याआधी मी किल्लारीचा हट्ट धरला. भूकंपानंतर अख्खं गाव नव्या जागेवर वसवलं गेलं. आर्किटेक्चरच्या पुस्तकात ते नकाशा म्हणून येतं, मला ते गाव म्हणून बघायचं होतं. जीपमध्ये आम्ही मागे, खोकं टपावर, उसाच्या मोळीशेजारी.

सरळ रस्ते, मोकळ्या जागा, कुंपणातून डोकावणारी शेवग्याची झाडं. एका ओट्यावर एक आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. आम्ही पाणी मागितलं. त्यांनी आधी शेंगा दिल्या, मग गूळ, मग पाणी. खोक्यात काय आहे ते पाहून त्या जराही बुजल्या नाहीत.

“आसलं लई बघितलंय,” त्या म्हणाल्या. “गाव पडल्यावर मान्सं यायची न्हवं, पुठ्ठ्याची घरं घिऊन. हितं तुमचं दार, हितं खिडकी.”

नवं गाव कसं वाटतं, असं मी विचारलं. त्या शेंगा फोडत राहिल्या. “चांगलंच हाय की. रातीला भ्या वाटत न्हाई, छत अंगावर येईल म्हून.” थोडं थांबून म्हणाल्या, “जुन्या गावात बोळ हुते. लेक सासरी निघाली की दारादारात थांबत जायाची, येशीपर्यंत समदं गाव भेटायचं तिला. हितं रस्ता रुंद. फटफटी आली की गेली.”

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पाऊस यंदा उशिरा आला, असं सांगावं तसं सांगितलं. पण पुढे त्या दारादारातली जी नावं ओळीने घेत गेल्या, त्यातली किती माणसं आता नाहीत हे विचारायचं धाडस मला झालं नाही. आम्ही निघालो तेव्हा गुडघ्यांवर हात टेकत त्या उठल्या आणि रस्त्याच्या कडेपर्यंत आल्या.

शिरूर अनंतपाळ

बालाजीच्या घरी पहिल्या जेवणाला येसर आमटी, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ आमटीत काय करतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. मी वाडगा तोंडाला लावला, यावरून समजून घ्यावं. बालाजीने मला डोळ्यांनी दटावलं. आई मात्र खूश झाल्या आणि दुसरा वाडगा भरला.

नानांनी मॉडेल घराच्या मधोमध टेबलावर ठेवलं. दोन दिवस ते बघायला माणसं येत होती. “माझं पोरगं हे करायलंय,” नाना सांगायचे, आणि प्रत्येकजण दारांपाशी आला की तोच प्रश्न विचारायचा. शेवटी शेवटी बालाजी प्रश्न यायच्या आधीच “बाहेर थांबायचं” असं सांगून मोकळा व्हायचा.

निघायच्या दिवशी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “मी आईला सांगितलंय, बसथांब्यावर यायचं नाही. पहिल्या वर्षी पुण्याला निघालो तेव्हा अकरा माणसं आली होती. बसमध्ये कॉलेजची दोन मुलं होती. महिनाभर मला ‘नवरी’ म्हणत होती.”

आई खरंच आल्या नाहीत. म्हणजे आमच्याबरोबर आल्या नाहीत. बस लागली, आम्ही बसलो, कंडक्टरने घंटी दिली आणि त्याच क्षणी रस्त्यावरून “थांबा वो” अशी हाक आली. आई, नाना, चुलती, शेजारी, आणि ज्यांचं नातं मला दोन दिवसांत लागलं नव्हतं अशी आणखी चारजणं. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि गाडी बंद केली. त्याच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता. त्याने तंबाखूची डबी काढली.

खिडकीतून हात आत आले. माझ्या डोक्यावर टोपी बसली, खांद्यावर टॉवेल आला, मांडीत नारळ पडला. तळहातावर दही ठेवलं गेलं, ते मी चाटेपर्यंत दुसऱ्या हातावर धपाट्यांचा डबा. “पोचलास की फोन कर, केदारा,” आई म्हणाल्या. मला. खिडकीच्या गजावर बालाजीच्या हाताशेजारी त्यांनी नुसता हात ठेवला. उरलेल्या बसमध्ये कोणी कुरकुरलं नाही, कारण निम्म्या खिडक्यांना असेच हात चिकटलेले होते.

बस सुटली. बालाजी बराच वेळ मागे बघत होता. मग टोपी घातलेल्या मला बघून तो म्हणाला, “तू फार वाईट दिसतोयस.” आणि पुढे, खिडकीबाहेर बघत, “दारं काढून टाकू.”

“काढायची कशाला? सरकवू,” मी म्हटलं. नारळ पायाखाली ठेवून मी टॉवेलच्या वेष्टनाच्या कागदावर रेघोट्या मारायला घेतल्या. दारं एका टोकाला. गाडीच्या अंगाला लांबच लांब ओटा, वर पत्रा, बसायला कट्टा. ओट्याला तिकीट नाही. खिडकीपासून तो एवढ्या अंतरावर, की ओट्यावरच्या बाईचा हात आतल्या माणसाच्या हाताला लागावा. आणि गाडीला तिथे जरा जास्त थांबवायचं. कल्पनेतली गाडी होती, तिला कसली घाई.

पुणे

परीक्षणाच्या सकाळी आम्ही हॉलमध्ये मॉडेल मांडत होतो. ओटा नवा, पांढरा. जुना भाग गुलाबीसर, कारण मसाला काही पूर्ण निघाला नव्हता. चित्रातले ओव्हरकोटवाले गेले होते आणि त्या जागी शिरूरची माणसं आली होती. बाहेर गलका ऐकू आला म्हणून मी दार उघडलं.

रात्रीच्या गाडीने बसून नाना, आई, चुलती आणि नांदेडची मावशी आली होती. पोराची शेवटची परीक्षा, तर त्याला पोचवायला नको का. परीक्षेच्या दारापर्यंत पोचवायला. आमच्या कॉलेजचा मजला नावाजलेल्या आर्किटेक्टने काढलेला आहे आणि त्यात दाराबाहेर उभं राहायला जागा नाही. त्यामुळे ती सगळी जिन्याच्या तोंडाशी दाटीवाटीने उभी होती आणि वर येणाऱ्याला त्यांच्यातूनच यावं लागत होतं.

आई येईल त्याच्या हातावर दही-साखर ठेवत होत्या. विद्यार्थी, शिपाई, मॅडम. मॅडमनी निमूट चाटली. मग कडक इस्त्रीचा खादी कुडता घातलेले, चष्मा गळ्यात लटकवलेले एक उंच गृहस्थ वर आले. कुणा पोराचे वडील असतील असं समजून आईंनी त्यांचा हात धरला.

“घ्या. पोराचं चांगलं हुईल.”

गृहस्थ गोंधळले. एका हातात पिशवी, दुसऱ्यात दही, रुमाल खिशात. करणार काय, खाल्लं. ते बाहेरचे परीक्षक होते.

आमची पाळी आली. ते मॉडेलवर वाकले, नाक जवळ नेलं आणि लागोपाठ तीनदा शिंकले. मी मसाल्याबद्दल काही बोललो नाही. डोळे पुसून त्यांनी ओट्यावर पेन्सिल ठेवली.

“ही एवढी जागा कशासाठी? प्रवासी तर इकडून दारातून जातात. म्हणजे जवळजवळ निम्मं स्टेशन अशा लोकांसाठी, जे कुठेच जाणार नाहीत. हे मला पटवून द्या, नाहीतर हा प्रकल्प इथेच थांबतो.”

बोलायचं काम बालाजीचं ठरलं होतं, आणि त्याने पाठ केलेली शुद्ध मराठी त्याच्या चेहऱ्यावरून पुसली गेलेली मला दिसली. त्याने मॉडेलकडे पाहिलं. मग परीक्षकांच्या हाताकडे. बोटांना अजून साखरेचे दाणे चिकटलेले होते.

“सर,” तो म्हणाला, “तुमच्या हातावर दही ठिवलं न्हवं, ती माझी आई हाय. रातभर बसून आली. ती कुठंच जानार न्हाई. तिला हितं उभं ऱ्हायला जागा न्हवती, म्हून जिन्यात उभी हाय.”

पाच वर्षांत मी त्याला असं बोलताना पहिल्यांदा ऐकत होतो. परीक्षकांनी हाताकडे पाहिलं. मग वळून दाराकडे पाहिलं, जिथे काचेला नाना, चुलती आणि मावशी नाक लावून उभे होते. मग परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते दुसऱ्या मॉडेलकडे गेले.

निकाल आठवड्याने लागणार होता आणि परीक्षकांनी तो कोणालाही सांगायचा नसतो. पण संध्याकाळी ते खाली उतरले तेव्हा त्यांच्यामागून आमची सगळी मंडळी उतरली. जिन्यात ते निघाले, फाटकापाशी निघाले, गाडीत बसून निघाले. आईंनी खिडकीच्या काचेवर हात ठेवला होता. काच परीक्षकांना वर करता येईना. मावशी त्यांच्या सुनेला मिरच्या चालतात का ते विचारत होती.

“बाई, मुलं पास आहेत,” ते शेवटी काकुळतीला येऊन म्हणाले. “उत्तम पास आहेत. आता मला जाऊ द्या.”

नाना पुढे झाले. परीक्षकांच्या डोक्यावर टोपी बसली, खांद्यावर टॉवेल आला आणि मांडीत नारळ पडला. त्यांनी इंजिन सुरू केलं, मग बंद केलं, काच पूर्ण खाली घेतली आणि आईंना म्हणाले, “बरं. येतो.”